हमीपत्रावरची बायको

१

सोमवारी सकाळी मी ऑफिसचं कुलूप काढायला पोचले, तर वेन्डेल स्टुबर माझ्या आधीच पायरीवर बसलेला. एरवी हा माणूस त्या वेळी कुणाच्या तरी छपरावर असतो. हातात सरकारी पाकीट होतं आणि चेहरा इतका उतरलेला की मी कसा आहेस वगैरे विचारलंच नाही.

"आर्डिसबाई, माझा परवाना गेला," तो म्हणाला.

"गेला म्हणजे? हरवला?"

"रद्द झाला. शुक्रवारपासून. जामीनपत्र संपलं म्हणतायत."

मी पाकीट त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. आयोवाच्या राजधानीतून, डे मॉइनहून आलेलं चार ओळींचं पत्र. वेन्डेल खोटं बोलत नव्हता.

मी आर्डिस कोलार. मिसिसिपीच्या अलीकडच्या काठावर, आयोवातल्या सेंट ओडिल गावात एकतीस वर्षं विमे आणि जामीनपत्रं करून देते. वेन्डेल पलीकडचा. पूल ओलांडला की विस्कॉन्सिन लागतं, तिथे त्याचं घर. आमच्या राज्यात बाहेरच्या ठेकेदाराला परवाना हवा तर आधी जामीनपत्र आण, असा नियम आहे. उद्या हा गडी एखाद्याचं छप्पर उघडं टाकून पुलापलीकडे पळाला तर धरायचं कुणाला, म्हणून. वेन्डेलसाठी शिकागोची एक कंपनी जामीन उभी होती. पण कंपनी काही कुणाची मावशी लागत नाही. ती आधी ठेकेदाराची आणि त्याच्या बायकोची सही हमीपत्रावर घेते, की नुकसान झालंच तर आम्ही दोघं भरून देऊ. बायकोची सही अशासाठी, की नवऱ्यानं ऐनवेळी घरदार तिच्या नावावर करून हात वर करू नयेत.

मे महिन्याच्या अखेरीस आमच्याकडे अंड्याएवढ्या गारा पडल्या आणि शाळेच्या छपराची चाळण झाली. वेन्डेलचा भाव सगळ्यांत कमी होता. मंगळवारी दुपारी बारा वाजता शाळा मंडळाची तातडीची बैठक होती आणि तिथे त्याच्या नावावर शिक्का बसणार होता. अठरा वर्षं गोठे आणि गराज शाकारणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच शाळा मिळत होती. परवाना नाही तर शाळा नाही. मग ते काम जाणार दुसऱ्या क्रमांकाच्या मायलो व्लासाककडे. मायलो आमच्याच गावचा, त्याला जामीनपत्र लागतच नाही.

मी शिकागोला फोन लावला. पलीकडचा पोरगेला आवाज शांतपणे म्हणाला, "हमीदारानं अंग काढून घेतलं, मॅडम. आम्ही तीस दिवसांची नोटीस दिली आणि जामीन मागे घेतला. ठेकेदाराच्या बायकोचंच पत्र आहे."

"कुठल्या बायकोचं?" मी विचारलं.

समोर बसलेल्या वेन्डेलनं डोळे मिटून घेतले.

२

वेन्डेलच्या दोन बायका. एकाच वेळी नव्हेत, तेवढा तो धाडसी नाही. पहिली सिग्ने, पलीकडच्याच नॉर्वेजियन शेतकऱ्यांची मुलगी. तिच्याशी सात वर्षांपूर्वी फारकत झाली. दुसरी रॉक्सॅन, सहा वर्षांपूर्वी लग्न करून आणलेली. घर बदललं, बायको बदलली, पण हमीपत्रावरची सही बदलली नव्हती. कुणी लेखी काढून घेईपर्यंत हमी तशीच चालू राहते. दर एप्रिलला जामीनपत्राचं नूतनीकरण व्हायचं आणि त्या कागदापुरती वेन्डेलची बायको सिग्नेच असायची.

आता म्हणाल, मी इतकी वर्षं झोपले होते का? झोपले नव्हते. लग्नानंतर महिन्याभरात मी रॉक्सॅनचं नाव शिकागोला पाठवलं होतं. त्यांनी ते नाकारलं. तिचं ब्यूटी पार्लर पूर्वी दिवाळ्यात निघालं होतं आणि असल्या नावाला जामीन कंपनी शिवत नाही. वेन्डेल तेव्हा टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा होता. म्हणाला, "तिला कळू देऊ नका. ती त्या पार्लरचं नाव निघालं तरी रडते." मी शब्द दिला आणि पाळला.

फॅक्स मशीननं कुरकुरत पत्र बाहेर टाकलं. टाइप केलेलं होतं.

"मी, सिग्ने हॅल्वरसन, वेन्डेल स्टुबर यांच्या जामीनपत्राला दिलेली हमी काढून घेत आहे. माझं नाव तेवढं कागदावरून काढावं. बाकी सगळं आहे तसंच चालू ठेवावं."

खाली जामीनपत्राचा क्रमांक, बावीस एप्रिल ही तारीख आणि ऐसपैस सही, तीही सिग्ने हॅल्वरसन अशीच. मूळ हमीपत्रावर 'सिग्ने स्टुबर, जन्मनाव हॅल्वरसन' असं होतं. शिकागोवाल्यांना तेवढं पुरलं होतं.

"सिग्नेनं?" वेन्डेल पत्राकडे बघतच राहिला. "तिला करायचं असतं तर तेव्हाच केलं असतं. आता सात वर्षांनी कशाला?"

मी क्रमांकाकडे बघत होते. दोन वर्षांपूर्वी त्या कंपनीला दुसऱ्या कंपनीनं गिळलं आणि सगळे क्रमांक बदलले. पत्रात नवा क्रमांक होता. नव्या क्रमांकाचा कागद दोनच ठिकाणी असणार, माझ्या कपाटात आणि वेन्डेलच्या घरी.

दुसरंही एक खटकलं. तीस दिवसांच्या नोटिशीची एक प्रत मलाही यायला हवी होती. मे महिन्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मी दोन आठवडे रजेवर होते. मागच्या खोलीत माझा भागीदार ड्वेन बसतो, गाड्यांचे विमे करतो. त्याच्या टेबलावरच्या ढिगात हात घातला आणि चौथ्या कागदाखाली नोटीस सापडली. पाकीट फोडलेलं, वर कॉफीच्या कपाचा गोल डाग.

ड्वेन हा मायलो व्लासाकच्या बायकोचा सख्खा भाऊ.

३

"मला वाटलं जाहिरात असेल!" ड्वेन म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आर्डिस, देवाशपथ. तुझा पत्रव्यवहार मला कुठं कळतो?"

"पाकीट फोडता आलं, वाचता नाही आलं?"

"तू आजारी होतीस, फोन थांबत नव्हते..."

"आणि मेव्हण्याच्या घरी रविवारचं जेवण चुकत नव्हतं."

तो तोंड पाडून बसला. मी पर्स उचलली आणि समोरच्या कॅफेत गेले, कारण दहा वाजता मायलो तिथेच सापडतो. ऱ्हुबार्ब पाय नावाच्या आंबटगोड पक्वान्नाचा मोठा तुकडा समोर घेऊन तो खिडकीशी बसला होता. मला बघताच त्यानं शेजारची खुर्ची पायानं मागे सरकवली.

"ये आर्डिस. तुझा पलीकडचा लाडका घसरला म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"शाळेच्या सुपरिंटेंडेंटनं सकाळी फोन केला, माणसं तयार ठेव म्हणून. का, मी ऐकायचं नव्हतं?"

"तू काही केलंस का, मायलो?"

त्यानं काटा खाली ठेवला. "खरं सांगू? माझा जळफळाट होतो. त्या शाळेत मी शिकलो, माझ्या पोरी शिकल्या. माझ्या बापानं तिथली कौलं बसवली. आणि हा पूल ओलांडून येतो नि दोन हजारानं भाव पाडतो. त्याची शिडी मोडली तर मी आधी हा समोरचा पाय संपवेन, मग उठेन. पण शिडीला हात लावणार नाही."

आणि तो पुन्हा खायला लागला. मला तो माणूस आवडत नाही, पण जळत असेल तर जळतोय म्हणून सांगतो, एवढं त्याचं कबूल करायला हवं.

शिवाय तारीख होती. पत्र बावीस एप्रिलचं. गारा पडल्या मे महिन्याच्या शेवटी. पत्र लिहिलं गेलं तेव्हा शाळेचं छप्पर धडधाकट होतं, निविदा नव्हती, मायलो नि वेन्डेलमध्ये चुरसही नव्हती. शाळेचं काम मिळावं म्हणून हे पत्र कुणी लिहिणंच शक्य नव्हतं. मायलो सुटला, आणि त्याच्याबरोबर ड्वेनही, फक्त आळशी म्हणून.

मग शाळेशी संबंध नसताना, एप्रिलमध्ये वेन्डेल स्टुबरच्या कागदाशी कुणाला काय करायचं होतं?

४

पुलापलीकडे वेन्डेलचं नवं घर आहे, दारात पेटुनियाच्या कुंड्या. रॉक्सॅननं दार उघडलं. अडतीस वर्षांची, केस अगदी नीट बसवलेले, हाताला लिंबाच्या साबणाचा वास. मला तिनं स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली आणि खजुराच्या वड्यांची बशी पुढे केली. माझ्याशी ती नेहमी जरा अंतर ठेवून बोलते.

"मिसेस कोलार, वेन्डेलनं फोनवर सांगितलं. मला तर हातपायच सुचेनात."

"पत्र सिग्नेच्या नावानं आहे."

"मग तिचंच काम. त्या हॅल्वरसनचं." नाव घेताना तिनं नाक मुरडलं. "सात वर्षं झाली, अजून पाठ सोडत नाही. त्याच्या वाढदिवसाला कार्ड पाठवते. कार्ड! त्यात काही लिहिलेलं नसतं, नुसती सही."

"तुला कधी कळलं की कागदावर तिचं नाव आहे?"

ती खिडकीबाहेरच्या कुंडीकडे बघत म्हणाली, "या एप्रिलला. नूतनीकरणाचा लिफाफा मी उघडला. वाटलं वीजबिल असेल. त्यात छापलेलं, हमीदार वेन्डेल आणि ती. मी त्याला विचारलं, हे काय? तर म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. दर वेळी पुढच्या वर्षी. मी त्याचे कपडे धुते, त्याच्या कामगारांना डबे देते, हिवाळ्यात त्याच्या पाठीला शेक देते. आणि सरकारदरबारी बायको कोण, तर ती."

तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं. दिलेला शब्द आठवला आणि मी कॉफी प्याले.

"पण मिसेस कोलार, सगळं जामीनपत्रच कसं गेलं? तिनं आपलं नाव काढलं तर तेवढं निघावं. बाकीचं का पडलं?"

"हमी एकाची नसते गं. एक पाय काढला की बाक पडतो."

 बशीतली एक वडी उचलून तिनं परत ठेवली. मग हळूच विचारलं, "आणि आता... नवा कागद करताना माझं नाव लागेल ना?"

मी काहीतरी पुटपुटले आणि उठले. तेव्हा मला त्या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही.

५

सिग्ने जुन्याच घरात राहते, टेकडीमागच्या शेतावर. फाटकाशी पत्रपेटी आहे. तिच्यावर काळ्या अक्षरांत 'स्टुबर'. फारकतीनंतर तिनं नाव बदललं नाही. चीजच्या कारखान्यातल्या हजेरीपटावर स्टुबर, चर्चच्या यादीत स्टुबर, दोन्ही काठांवर तिला सगळे सिग्ने स्टुबर म्हणूनच ओळखतात.

ती नुकतीच कारखान्यातली कामाची पाळी संपवून आली होती. केसांवरची जाळी अजून तशीच. तिच्या आईला मी ओळखत होते, त्यामुळे मी सरळ आत गेले आणि पत्र टेबलावर ठेवलं.

तिनं ते वाचलं. पहिल्या ओळीशी ती थांबली, भुवया वर गेल्या. नंतर सहीपाशी थांबली. मग तिनं पत्र उलटं करून ठेवलं.

"हो, मीच लिहिलं," ती म्हणाली.

"का?"

"कंटाळले. त्याच्या कागदावर मी कशाला राहू?"

"त्याचा परवाना गेलाय, सिग्ने. उद्या बाराला शाळा जाईल."

"जाऊ दे. अठरा वर्षं त्याच्या छपरांची काळजी केली, आता दुसरी करेल."

"क्रमांक कुठून आणलास?"

"माझ्याकडे आहे की कागद." तिनं फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला, त्यातून घडी घातलेलं हमीपत्र काढलं आणि माझ्यापुढे आपटलं. सिग्ने स्टुबर, ठेकेदाराची पत्नी. वर क्रमांक होता. जुना. दोन वर्षांपूर्वी मेलेला.

त्या घडीतून आणखी एक कागद घसरून खाली पडला. मी उचलला. तो शिकागोच्या नोटिशीचाच कागद होता, वेन्डेलच्या नावानं आलेला. नूतनीकरणाचे कागद माझ्या ऑफिसातून वेन्डेलच्या नव्या घरी जायचे, पण शिकागोकडच्या हमीपत्रावर पत्ता अजून याच घराचा होता ना! त्याला जी नोटीस महिन्यापूर्वी मिळायला हवी होती, ती इथे बिस्किटांच्या डब्यात पडून होती.

"हे तू दाबून ठेवलंस?"

तिचा चेहरा तांबडाभडक झाला. "मला वाटलं, त्यानंच काढलं मला! तिला खूश करायला! पत्रात कारण कुठं लिहिलंय? नुसतं, जामीन मागे घेत आहोत. मी म्हटलं, ठीक आहे. मला न विचारता काढतोस ना, मग त्याची फळंही भोग. एक फोन केला असता तर सांगितलं असतं. त्यानं केला नाही."

"त्याला माहीतच नव्हतं, बाई."

"ते मला आता कळतंय," ती म्हणाली आणि जाळी काढून टेबलावर फेकली. "आर्डिसबाई, जगात एवढा एकच कागद होता ज्यावर मी अजून त्याची बायको होते. हसा तुम्ही."

मी हसले नाही. "मग मघाशी मीच लिहिलं म्हणालीस ते का?"

"कारण मला कुणीतरी हाकललं, हे ऐकण्यापेक्षा मी स्वतः निघाले हे बरं."

६

संध्याकाळी व्हरांड्यात बसून मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. वेन्डेलचं वाईट करायचं असतं, तर कुणी 'बाकी सगळं आहे तसंच चालू ठेवावं' असं लिहिलं असतं का? लिहिणाऱ्याला जामीनपत्र पाडायचंच नव्हतं. त्यातून फक्त एक नाव खोडायचं होतं. आणि एक नाव काढलं की सगळं कोसळतं, हे त्याला माहीत नव्हतं.

नवा क्रमांक, वेन्डेलचं घर. एप्रिल, नूतनीकरणाचा लिफाफा. इथपर्यंत रॉक्सॅनचं नाव येतच होतं, पण वेन्डेलच्या घरात कामगारांची ये-जा असते, तो कागद कुणीही पाहू शकला असता. मला अडवलं ते सहीनं. सिग्नेच्या नावानं खोटं पत्र लिहायचं तर शहाणा माणूस ती जशी सही करते तशी करेल. समोरच्या छापील कागदावर 'सिग्ने स्टुबर' लिहिलेलं होतं. तरी पत्रात दोन्हीकडे हॅल्वरसन का?

मग मला माझीच लाज वाटेल अशी एक गोष्ट आठवली. माझा एमिल हयात होता तेव्हा दर शनिवारी पोल्काच्या हॉलवर एका बाईबरोबर नाचायचा. नुसता नाचायचा, मला माहीत होतं. पण अकरा वर्षं मी त्या बाईचं नाव घेतलं नाही. लाल बूटवाली म्हणायचे. चर्चच्या जेवणाची यादी करताना तिचं नाव लिहायची वेळ आली, तर मी पेन शेजारणीच्या हातात दिलं. तिच्या नावापुढे श्रीमती लावून ते सरळ लिहिणं मला जमलंच नाही.

सिग्नेच्या नावापुढे स्टुबर लिहिणं अख्ख्या जगात एकाच बाईला जमलं नसतं. खोटी सही करतानाही जमलं नसतं.

मंगळवारी सकाळी नऊला मी रॉक्सॅनला ऑफिसात बोलावलं, ड्वेनला कॉफी आणायला पिटाळलं आणि तिला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. लाल बुटांसकट.

तिनं नाकारायचा प्रयत्न केला नाही. पर्सचा पट्टा मुठीत आवळून बसून राहिली.

"मला वाटलं, तिचं नाव निघालं की शिकागोवाले विचारतील, मग आता कोण? आणि वेन्डेल माझं सांगेल," ती म्हणाली. "एवढंच. देवा, एवढंच हवं होतं मला. त्याचं काम जाईल असं कळलं असतं तर मी हात कापून घेतला असता."

"खोटी सही आहे ही, रॉक्सॅन. तुरुंग होतो याला."

"मला माहितीये. घाला मला. पण आधी माझं नाव लावून त्याचं काम वाचवा. आत्ता सही करते."

आता शब्द मोडण्यावाचून इलाज नव्हता. मी ड्रॉवरमधून सहा वर्षांपूर्वीचं शिकागोचं नकारपत्र काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिनं आपलं नाव वाचलं, पार्लरचं नाव वाचलं, आणि खाली हातानं लिहिलेली माझीच टीप वाचली: ठेकेदाराची विनंती, पत्नीला कळवू नये.

"म्हणजे तो तिला ठेवत नव्हता," ती म्हणाली. "मला झाकत होता."

"हो."

"मग आता कुणाची सही चालेल?"

मी सिग्नेच्या कारखान्याचा नंबर काढला. घड्याळात सव्वानऊ झाले होते आणि तिला उत्तर कळलं होतं.

७

शिकागोचा पोरगा दहा वाजता फोनवर म्हणाला, जुन्या हमीदाराची नवी सही अकरा-साडेअकरापर्यंत फॅक्सनं आली तर तो जामीन पूर्ववत करून डे मॉइनला लगेच कळवेल. बनावट सहीचं मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. पत्र 'गैरसमजानं' गेलं, असं म्हटलं होतं, आणि त्याबद्दल मी अजूनही फार अभिमानानं बोलत नाही. पुढे काय करायचं ते सिग्नेनं ठरवायचं होतं, नाव तिचं वापरलं होतं.

पावणेअकराला सिग्ने आली. कारखान्यातून तासाची सुट्टी काढून, पांढरे रबरी बूट घालूनच. रॉक्सॅन भिंतीशी उभी होती. सहा वर्षं एकाच काठावर राहून या दोघी कधी एका खोलीत आल्या नव्हत्या. बाहेर रस्त्यापलीकडे वेन्डेल आपल्या ट्रकमध्ये बसला होता. त्याला मी आत यायला मनाई केली होती.

"तूच लिहिलंस," सिग्ने तिला म्हणाली.

"हो."

"मी शेरीफकडे गेले तर?"

"जा. पण सही करून जा."

"बघा, आर्डिसबाई, तोरा बघा! चोरी करायची ती करायची आणि वर हुकूम." सिग्ने खुर्चीत बसली, हाताची घडी घातली. "सांग मला. का करू? माझ्या बापाची ऐंशी एकर जमीन या सहीमागे उभी राहते. तुझ्या नवऱ्यासाठी का करू?"

 मला वाटलं आता रॉक्सॅन रडेल, पण ती रडली नाही.

"तो काल घरी आला आणि जेवला," ती म्हणाली. "ताट धुतलं, गराजमध्ये गेला, खिळ्यांचे डबे लावत बसला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही. मला ओरडला असता तर चाललं असतं. शाळा गेली तर तो मला माफ करेल, मला माहितीये. पण बोलणार नाही. आधीच बोलत नाही. आठवडेच्या आठवडे मी त्या घरात एकटीच बोलते. छपरं सोडून त्याला कशाबद्दल बोलताच येत नाही, आणि आता तेही बंद होईल."

सिग्नेच्या हाताची घडी सुटली.

"तुझ्याशीही बोलत नाही?"

"कुणाशी बोलतो?"

"मला वाटायचं..." सिग्ने थांबली. खिडकीतून तिनं ट्रककडे पाहिलं. वेन्डेल स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता, अगदी पुतळ्यासारखा. "सात वर्षं मला वाटायचं, माझ्याशीच बोलत नव्हता. तुमच्या स्वयंपाकघरात गप्पा रंगत असतील. रविवारी तुमच्या घरावरून गाडी नेताना मी काच खाली करायचे, हसण्याचा आवाज येतो का बघायला."

"कसला आवाज? रेडिओ लावते मी," रॉक्सॅन म्हणाली.

सिग्नेला हसू आलं. चांगलं नव्हतं ते हसू, दुसऱ्याचं वाईट ऐकून बरं वाटावं तसं होतं. पण मग ते तिच्यानं आवरेना. रॉक्सॅन आधी चिडून बघत राहिली आणि मग तीही नाक पुसत हसायला लागली. बाहेर वेन्डेलनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि घाईनं पुन्हा समोर बघितलं.

"द्या इकडे," सिग्ने म्हणाली.

मी नवा कागद पुढे केला. ठेकेदाराशी नातं, या रकान्याशी ती अडखळली. पूर्वी तिथे पत्नी होतं. तिनं पेन टेकवलं, उचललं, आणि लिहिलं: नाही. मग खाली सही केली, सिग्ने स्टुबर, एकेक अक्षर सुटं. रॉक्सॅन श्वास रोखून प्रत्येक अक्षर बघत होती. जे नाव पुसायला ती निघाली होती, ते तिच्याच डोळ्यांदेखत, तिच्याच विनंतीवरून, ताज्या शाईत पुन्हा उमटत होतं.

"साक्षीदार लागेल," मी म्हणाले. "मी एजंट आहे, मला चालत नाही. ड्वेनला बोलावते."

"ड्वेन कशाला?" सिग्नेनं कागद टेबलावरून सरकवला आणि पेन त्यावर आडवं ठेवलं. "कर सही. यायचंच होतं ना तुला या कागदावर."

रॉक्सॅन क्षणभर कागदाकडे बघत राहिली. मग वाकली आणि सिग्नेच्या सहीखालच्या बारीक रेघेवर तिनं आपलं नाव लिहिलं. साक्षीदाराचा रकाना छोटा असतो, तिला अक्षरं दाबून लिहावी लागली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी तो कागद मशीनमध्ये घातला.